अकरा दिवस उशिरा

औषधांच्या दुकानात काउंटरमागे बावीस वर्षं उभं राहून गोळीमामांचे गुडघे कामातून गेले होते, पण नजर शाबूत होती. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. आधी गल्लीतली पोरं गोळीमामा म्हणायची, मग त्यांचे आईबापही म्हणू लागले. डॉक्टरांचं अक्षर कितीही किरटं असो, मामा चिठ्ठी घडाघडा वाचत.

त्या सोमवारी खण आवरताना त्यांच्या हाताला एक सीलबंद खोकं लागलं. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : घड्याळमास्तर. रक्तदाबाच्या गोळ्या, कमी ताकदीच्या. म्हणजे मास्तरांच्या लेकीला त्यांनी शेजारचं खोकं दिलं होतं, चौपट ताकदीचं. घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे मास्तर गेल्याच आठवड्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. वयच झालं आता, असं सगळे म्हणाले होते. मामाही म्हणाले होते.

त्यांनी मालकांना खोकं दाखवलं.

"कुणाला कळलंय?" मालकांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग कळायचं कारण नाही. द्या ते इकडे."

त्याच रात्री मामा प्रार्थनेला बसले आणि डोळे मिटताच दोन शब्द समोर उभे राहिले : जाऊन सांग. कानात आवाज वगैरे काही नव्हता. पण ते शब्द आपले नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण आपले शब्द तर वेगळेच चालले होते. मास्तर आता दवाखान्यात आहेत, तिथे गोळ्या बदलल्याच असतील. मी सांगून हाड थोडंच जुळणार? चर्चच्या मंडळीतल्या गोरगरिबांना मी औषधं पोचवतो, ते पुढे कोण करील? मामा रोज नवी सबब घेऊन बसत. ते दोन शब्द जागचे हलत नव्हते.

रविवारी उपासनेत पाळकसाहेब आज्ञापालनाच्या आशीर्वादांवर बोलले. जो ऐकतो त्याचं घर भरतं, त्याची मुलंबाळं सुखात राहतात, असं सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मामा मान खाली घालून बसले. यांचा देव घरं भरतो, त्यांच्या मनात आलं, आणि माझा माझं घर रिकामं करायला निघालाय.

शेवटी त्यांनी बायकोपाशी तोंड उघडलं. ती भाजी चिरत होती.

"नोकरी जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"या वयात दुसरीकडे कोण उभं करणार तुम्हाला?"

तिने सुरी बाजूला ठेवली. "इतके दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. मला वाटलं, माझंच काही चुकलं. जा, सांगून या. पण घरात असं भुतासारखं वावरू नका."

तो अकरावा दिवस होता. मास्तरांना दोन दिवसांपूर्वीच घरी आणलं होतं. खिडकीशी खाटेवर ते अर्धवट डोळे उघडे ठेवून पडले होते. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा पेला, आणि गोळ्यांची पट्टी. मामांनी पट्टी लांबूनच ओळखली.

"ही अजून चालू आहे?"

"हो," लेक म्हणाली. "दवाखान्यातही घरचीच देत होतो. आजची आत्ताच दिली."

मामांनी खाटेचा कठडा धरला. "बंद करा. आधी डॉक्टरांना फोन करा. चूक माझी आहे." आणि त्यांनी खोक्याची सगळी हकीकत सांगितली.

तिने स्टुलावरची पट्टी उचलून मुठीत धरली. "केव्हा कळलं तुम्हाला?"

आज, म्हणता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं.

"अकरा दिवस झाले."

तिने दार उघडलं. "चालते व्हा."

दुपारपर्यंत नोकरीही गेली. दुसऱ्या दुकानांत बातमी मामांच्या आधी पोचलेली असे. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, देव याचं फळ देईल. बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ती पाऊसपाण्याविषयी बोलू लागली.

तीन आठवड्यांनी मास्तरांची लेक दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही.

"पडल्यापासून बाबा मला ओळखत नव्हते. परकी समजून बाई म्हणायचे. गोळी बदलली आणि चौथ्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली. आणखी आठवडा गेला असता तर ते हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले." तिचा आवाज कोरडा होता. "हे तुम्हाला सांगायची माझी इच्छा नव्हती. बाबांनी पाठवलं. मी माफ केलेलं नाही."

मामा तिच्या मागोमाग गेले. मास्तर उशीला टेकून बसले होते. डोळे स्वच्छ होते, पण चादरीखालचा पाय वाकडाच पडला होता.

"अकरा दिवस?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"घाबरलात?"

"हो."

"बसा. प्रार्थना करा. मला अजून नीट सुचत नाही."

मामांनी हात जोडले. मास्तरांनी लेकीला हाक मारली त्याबद्दल उपकार मानावेत, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी छाती भरूनही आली होती. इतकं भरून येणं त्यांना कित्येक वर्षांत ठाऊक नव्हतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"प्रभू, तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस."

प्रार्थना तेवढीच झाली. मास्तर थांबले. मग त्यांनीच हलक्या आवाजात आमेन म्हटलं. लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.