दसऱ्याचा हार

माझी बायको गोपिका देवळी गावात तीस वर्षं ब्लाउज शिवायची. मी वांगी, मेथी पिकवतो आणि बाजारात बसतो. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. जायच्या आधी म्हणाली, "मशीन झाकून ठेवू नोका. पोरींच्या हाती द्या. चालली पाह्यजे." शेजारच्या खुशीला ती शिवण शिकवणार होती, ते राहूनच गेलं.

माझा भाचा स्वप्निल समाजभवनात मुलांसाठी मेकर स्पेस चालवतो. मुलांनी आपल्या हातानं वस्तू करत शिकायची जागा. मशीन त्याला दिली. एवढंच म्हणालो, भिंतीवर तिचं नाव लाव.

दसऱ्याला तिथं अवजारांची पूजा झाली. मशीनला हार मीच घातला. गोपिकेचा नेम होता: दसऱ्याला मशीनला आराम, दुसऱ्या दिवशी हार काढायचा आणि पहिला टाका घालायचा. स्वप्निलला तसं सांगून आलो.

संक्रांतीनंतर तेलाची कुपी घेऊन गेलो. हार तसाच होता. झेंडू वाळून काळा पडलेला. चाकावरच्या कुंकवाला कोणाचं बोटही लागलं नव्हतं. पोरं सतरंजीवर बसून पडद्यावर शिवणकामाचा व्हिडिओ पाहत होती.

"मामाजी, हात नोका लावू," स्वप्निल म्हणाला. "शनिवारी जागा पाहाले पाहुणे येऊन राह्यले."

"पोरी शिवत काऊन नाई?"

"कोणाच्या बोटात सुई गेली त मायबाप माह्या अंगावर येतीन. मामीचं नाव त लावलं ना? तुमालेच पाह्यजे होतं."

ते खरं होतं. पितळी पाटी भिंतीवर चकाकत होती. दसऱ्याला मी तिच्याशेजारी उभं राहून फोटोही काढला होता.

सतरंजीवरून खुशी हळूच म्हणाली, "आबाजी, फोटोच्या दिवशी बसू देते. हात ठेवाचा, पाय नाई हालवाचा."

मी हार काढला. तेल सोडलं, चाक फिरवलं. तिला म्हटलं, "बस माय."

ती बसली. वाकून सुईखाली पाहिलं. "आबाजी, बॉबिन केस नाई."

खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्या डबीत बसते, ती डबीच नव्हती. तिच्याशिवाय टाका पडत नाही.

स्वप्निलनं मान खाली घातली. "मीच काढली. दसऱ्याच्या आधी पोरं गुपचूप चालवाले पाहत होते." त्यानं तीन खण उपसले. डबी सापडली नाही.

बाजारात कोणी फसवलं तर मी शिव्या देतो. इथं उपसलेले खण एकेक करून लावत गेलो. स्वप्निलच्या शाळेच्या चड्ड्या याच मशीनवर शिवलेल्या.

खुशीच्या हातात पेचकस दिला. तिनं पाटीचे चारही स्क्रू काढले. त्या जागेत तिनं आपल्या हातानं केलेलं ते पहिलं काम.

"मामाजी, शनिवारी पाहुण्यायले काय दाखवू?"

"भोकं दाखव."

मशीन ऑटोत टाकून घरी आणली. उद्या वर्ध्याहून नवी डबी आणीन. खुशी परवा सकाळीच येते म्हणाली. पण जुन्या डबीतल्या बॉबिनवर गोपिकेनं शेवटचा भरलेला निळा दोरा होता. देताना तो मी मुद्दामच ठेवला होता. पोरींचा पहिला टाका तिच्या दोऱ्याचा पडावा म्हणून.