रक्तपेढीच्या खिडकीतलं जिवंत चित्र

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. माझ्यात डोंगर नाहीत की फुलं नाहीत. आहेत ते फक्त रक्तगट आणि त्यांच्यापुढचे आकडे. एका रक्तपेढीच्या खिडकीवर लावलेल्या संगणकाच्या पडद्यावर मी राहत असे.

माझ्याआधी तिथे साठ्याच्या तक्त्याचा साधा फोटो असायचा. एकदा काढला की त्यातले आकडे थिजायचे. लोक तो पाहून आशेने रांगेत उभे राहायचे आणि खिडकीवरचे काका ओशाळून म्हणायचे, "अहो, हा सकाळचा आकडा. आता संपलं."

रक्त तपासणाऱ्या ताईंना हे बघवेना. त्यांनी संगणकातल्या तक्त्याचा हवा तेवढा भाग निवडला, त्याची नक्कल केली आणि खिडकीवर दिसणाऱ्या दुसऱ्या पानावर ती 'जोडलेलं चित्र' म्हणून चिकटवली. असा माझा जन्म झाला! मग त्यांनी मला ओढून मोठं केलं, जाड चौकट आणि फिकट पिवळा रंग दिला.

"छान नटवलंत की!" काका म्हणाले.

"नुसतं नटवणं नाही हो हे," ताई हसल्या. "आत तक्त्यात आकडा बदलला, की बाहेर आपोआप बदलेल."

एका दुपारी एक माणूस धापा टाकत आला. बाळंतपणात त्याच्या बहिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिचा रक्तगट दुर्मिळ. माझ्यावर त्या गटापुढे लाल शून्य होतं. काकांनी जड मनाने दुसऱ्या रक्तपेढीचा रस्ता सांगितला. तो वळला, तेवढ्यात आत ताईंनी नुकत्याच तपासून झालेल्या पिशव्यांची नोंद केली. माझं शून्य गेलं आणि तिथे दोनचा आकडा उमटला!

"अहो दादा, थांबा! आलं, आलं!" काका खुर्ची ढकलून धावले. पायातली एक चप्पल दारातच राहिली, पण जिन्यावर त्यांनी त्याला गाठलं.

बहीण वाचली. दादा ताईंपुढे हात जोडून उभा राहिला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडताय कशाला? तुमचा गट कोणता, ते सांगा आधी!"

त्याने हसत बाही वर सारली. अशा आहेत आमच्या ताई!

पुढे एका नव्या साहेबांनी संगणकातली नको ती पानं काढताना, ज्या तक्त्याला मी जोडलेला होतो ते माझं मूळ पानच पुसलं. मित्रांनो, मी दिसायला तस्साच होतो, पण आतून मेलो होतो. शिळे आकडे मिरवत उभा होतो आणि मला ओरडताही येत नव्हतं. ताईंच्याच लक्षात आलं. "सकाळपासून एकही आकडा हलला कसा नाही?" त्यांनी राखून ठेवलेली प्रत आणली आणि मला पुन्हा जोडलं.

"साहेब, मूळच उपटलंत, तर पान कसं हलणार?" त्या म्हणाल्या. साहेबांनी जीभ चावली आणि पुन्हा कुणी ते पुसू नये म्हणून मूळ पानाला स्वतःच्या हाताने संकेतशब्दाचं कुलूप घातलं.

आता तिथे नवी यंत्रणा आली आहे. मी एका जुन्या फोल्डरमध्ये असतो. नव्या मुलींना शिकवताना ताई मला उघडतात, तेव्हा ऊर भरून येतो.

मित्रांनो, आम्हाला हवं तसं सजवा, रंगवा; पण मूळ तक्त्याशी जोडणारा आमचा धागा जपा. आणि एखादा आकडा कितीही देखणा दिसला, तरी त्याला एकदा विचारा, "बाबा रे, तू आजचा आहेस ना?" खिडकीबाहेर कुणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.