अडतिसावी चौकट

"छायाचित्रण म्हणजे माणसाने मृत्यूच्या थोबाडीत मारलेली एकमेव चपराक आहे!" असं एरुएटी काराकाने कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून जाहीर केलं, आठपर्यंत आकडे मोजले आणि काच बाहेर काढली.

"अंकल," समोर शाल पांघरून पुतळ्यासारखी बसलेली मेरेआना ओठ न हलवता म्हणाली, "झाकण."

भिंगावरचं झाकण जिथल्या तिथे होतं. मृत्यू त्या दिवशी थोबाड शाबूत ठेवून घरी गेला.

एरुएटीने चाळीस वर्षं आमच्या नदीकाठच्या गावातली लग्नं, रग्बीचे संघ, शाळेचे वर्ग आणि पासपोर्टचे चेहरे टिपले होते. निवृत्त झाल्यावर आमच्याकडच्या पुरुषांपुढे दोनच वाटा असतात, मासेमारी नाहीतर कला. एरुएटीला बोट लागायची, म्हणून तो कलेकडे वळला. बंद पडलेल्या खाटिकखान्यात त्याने स्टुडिओ थाटला. छताला मांस टांगायचे आकडे तसेच राहिले होते. त्यांच्याखाली उभा राहून तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने फोटो काढी. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच आठ सेकंद प्रकाश द्यायचा, आणि तेवढा वेळ समोरच्या माणसाने जिवंत असल्याचा कसलाही पुरावा द्यायचा नाही.

मेरेआना बावीस वर्षांची. सकाळी बेकरीत मटण-पॅटिसमध्ये सारण भरायची आणि दुपारी एरुएटीकडे मॉडेलचं काम शिकायची. वेलिंग्टनच्या एका कलाशाळेत चित्रकारांसमोर बसण्याची नोकरी होती आणि महिन्याभराने तिची चाचणी होती. "बसायला काय शिकायचं?" तिची आई म्हणे. "घरी बसतेसच की!" पण एरुएटी मनापासून शिकवायचा. श्वास पोटाने घ्यायचा. पाय कुठे होते ते खडूने आखून ठेवायचं. नजर भिंतीवरच्या एका खिळ्यावर ठेवायची. आणि पहिला नियम तो रोज म्हणून घ्यायचा.

"चित्र कुणाचंही असो, अंग कुणाचं?"

"माझं."

"तू 'बस' म्हणालीस की?"

"बस."

"आणि 'जरासं अजून' म्हणणारा चित्रकार?"

"त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

इतका उत्तम गुरू. वाचकहो, उत्तम गुरूंपासूनच जास्त सांभाळून राहावं, कारण त्यांना नियम पाठ असतात.

एकदा दमलेली मेरेआना बाकावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. एरुएटीने आठ सेकंद घेतले. या वेळी झाकण काढलेलं होतं. काच पाण्यात घातल्यावर जे उमटलं ते पाहून त्याच्या अंगावर काटा आला. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो!

मेरेआनाने तो पाहिला आणि शाल गळ्याशी ओढून घेतली.

"हा पुसा, अंकल. यात मी गेलेली दिसते."

"पुसतो."

"आत्ता?"

"वाळू दे, मग पुसतो," एरुएटी म्हणाला.

काच वाळली. ती त्याने काळ्या चौकटीत बसवली आणि शहरातल्या प्रदर्शनासाठी कोपऱ्यात ठेवून दिली.

त्याच आठवड्यात मराएच्या, म्हणजे आमच्या कुळाच्या सामाईक आवाराच्या, सभाघराचं छप्पर गळलं. सभाघराच्या भिंतीवर आमच्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. फक्त गेलेल्यांचे. जिवंत माणसाचा फोटो तिथे लावणं ही चूक आहे असं कुणी कुणाला शिकवत नाही, जसं विस्तव गिळू नये हेही कुणी शिकवत नाही. भिजलेले सदतीस फोटो दुरुस्तीला एरुएटीकडे आले. त्याने मन लावून ते सुकवले आणि सगळ्यांना नव्या काळ्या चौकटी केल्या. लाकूड घाऊक घेतलं होतं. शनिवारी तो जेवायला घरी गेला असताना भाच्यांनी ट्रक आणला, दिसतील तेवढ्या काळ्या चौकटी उचलल्या आणि नदीच्या वरच्या अंगाच्या सभाघरात नेऊन भिंतीवर लावूनही टाकल्या.

जेवून परत आल्यावर एरुएटीला कोपरा रिकामा दिसला. त्याला सगळं तिथल्या तिथे कळलं.

सोमवारी गुपचूप जाऊन काढून आणू, असं त्याने ठरवलं. सोमवारी तिथे एक प्रेतयात्रा आली. आमच्याकडे दफनाआधी प्रेत काही दिवस सभाघरात ठेवून निरोपाची भाषणं होतात, म्हणून तीन दिवस सभाघर भरलेलं. रडणाऱ्या माणसांमधून शिडी घेऊन जायचं आणि भिंतीवरून एक पूर्वज खाली उतरवायचा, म्हणजे चार शब्द सांगावे लागणार. आणि सांगायचं म्हणजे पुसतो म्हणून पुसलं नाही, हेही सांगावं लागणार. ती प्रेतयात्रा संपते तोच दुसरी आली. एरुएटी रोज "उद्या" म्हणत राहिला.

इकडे मेरेआनाला दारं उघडेनाशी झाली.

"मोठ्या दुकानाचं ते आपोआप सरकणारं दार," ती म्हणाली. "मी समोर उभी. उघडेच ना. मागून एक बाई आल्या, तेव्हा उघडलं."

"बिघडलं असेल," एरुएटी काच पुसत म्हणाला.

"फोन माझा चेहरा ओळखत नाही."

"फोन जुना झालाय."

"काल आई शेजारणीला सांगत होती, 'मेरेआनाला रताळं फार आवडायचं.' मी समोरच बसले होते, अंकल. रताळं खात."

एरुएटीने तीच काच पुन्हा पुसायला घेतली. "वय झालंय तिचं," तो म्हणाला. मेरेआनाची आई त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होती.

"आणि डाव्या कानाशी कुणीतरी घोरतं. भर दिवसा. बेकरीत पॅटिस भरताना. मी मागे वळून पाहते तर कुणी नसतं. आणि गार वास येतो. जुन्या चटयांचा."

त्या दुपारच्या फोटोत तिचे हात धुरकट आले. रसायन शिळं झालंय, असं एरुएटीने स्वतःला बजावलं आणि नवं मागवलं. नव्या रसायनात शालीतून खुर्चीची पाठ दिसली. तिसऱ्या काचेत खुर्ची स्वच्छ आली होती, तिची नक्षीसुद्धा. खुर्चीवर जिथे माणूस असायला हवा तिथे, थंडीत बोलताना तोंडातून निघते तेवढी वाफ होती.

"कसा आलाय?" मेरेआनाने विचारलं.

"जरा हललीस तू," एरुएटी म्हणाला.

वेलिंग्टनहून ती परत आली तेव्हा त्याला ती दारात उभी असलेली बराच वेळ दिसलीच नाही.

"दोन तास बसले," ती म्हणाली. आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटत होता. "एकदाही हलले नाही. पोटाने श्वास घेतला. खिळ्याकडे बघितलं. शेवटी सगळ्यांची चित्रं पाहायला उठले. अकरा जणांनी रिकामी खुर्ची काढली होती, अंकल." ती खुर्चीत जाऊन बसली. "चांगली काढली होती."

एरुएटीने तोंड उघडलं. त्याच क्षणी दारात काठी वाजली, आणि जगातल्या सगळ्या भेकडांप्रमाणे त्याने सुटकेचा श्वास टाकला.

आत आली ती हुइया नॅन. मेरेआनाच्या आजीची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू आणि जिभेवर धार.

"एरू, खुर्ची दे. ही रिकामी आहे ना?"

"नॅन, मी बसलेय!" मेरेआना ओरडली.

नॅन वाकली. हात पुढे करून तिने चाचपलं, आणि तिला गाल लागला. गार होता. नॅनने हात मागे घेतला नाही.

"पोरी, काय होतंय तुला?"

मेरेआनाने सगळं सांगितलं. दार, फोन, रताळं. घोरण्यापाशी आल्यावर नॅनने काठी आपटली.

"कसं घोरतं? शिट्टी आणि मग म्हशीनं उसासा टाकल्यासारखं?"

"हो!"

"डाव्या कानाशी?"

"डाव्याच."

"ही माझी बहीण मिरिआमा. सत्तर वर्षं तिच्या शेजारी झोपले मी. मेली तेव्हा मला पहिल्यांदा शांत झोप लागली, देव मला क्षमा करो." नॅन सावकाश एरुएटीकडे वळली. "किती फोटो दिले होते रे तुला?"

"सदतीस, नॅन."

"मग मी दहा दिवस अडतीस जणांना नमस्कार करतेय, तो कसा? मिरिआमाच्या उजव्या हाताकडचा रिकामा खिळा एकदम भरलेला दिसला. मला वाटलं, आईचा हरवलेला फोटो सापडला! मी रडले रे त्याच्यापुढे! तीन दिवस!"

एरुएटी खुर्ची शोधू लागला. खुर्ची एकच होती.

"चूक भाच्यांची आहे," तो म्हणाला. "मी तर..."

"त्यांनी शनिवारी चूक केली. तुला कधी कळलं?"

एरुएटी वर छताच्या आकड्यांकडे बघत म्हणाला, "शनिवारीच."

"तुम्हाला माहीत होतं?" मेरेआनाने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की तो ऐकायला दोघांनाही श्वास रोखावा लागला.

"नॅन, तो फोटो... इतका सुंदर आला होता गं!"

"सुंदर आला म्हणूनच विचारायचं असतं, गाढवा. वाईट फोटो कोण चोरतं?"

"पण काच माझी..."

"काच तुझी. चौकट तुझी. तोंड कुणाचं?"

रोज दुपारी शिष्येकडून म्हणून घेतलेला धडा गुरूला पहिल्यांदाच ऐकू आला.

"आणि भिंतीवरच्यांना आपण काय म्हणतो, आठवतं ना?" नॅन म्हणाली. "प्रत्येक भाषणात? 'जा, वाट मोकळी आहे, मागे वळू नका, जा.' दोन प्रेतयात्रा झाल्या. शे-दोनशे माणसांनी डोळ्यांत पाणी आणून या पोरीला 'जा' म्हटलंय. गुणी पोर आहे. वडीलधाऱ्यांचं ऐकते. निघालीय ती!"

मराए वीस मिनिटांवर होतं. एरुएटीने गाडी कधी नव्हे इतकी हळू चालवली, कारण आरशात मागची सीट रिकामी दिसत होती आणि दर वळणावर तो विचारत होता, "आहेस ना?" आणि दर वळणावर उत्तर यायला थोडा जास्त वेळ लागत होता.

सभाघरात दुसऱ्या प्रेतयात्रेची मंडळी दफन आटोपून जेवायच्या तयारीत होती. एरुएटी मधोमध उभा राहिला. "मंडळी, काही तांत्रिक कारणांमुळे एका चौकटीच्या बाबतीत थोडीशी..."

नॅनची काठी वाजली. "सरळ बोल!"

मग तो सरळ बोलला. या मुलीने पुस म्हटलं होतं. मी हो म्हटलं. पुसलं नाही. ती इथे चुकून आली हे मला पहिल्या दिवशी कळलं. लाज वाटली म्हणून गप्प बसलो. माझी लाज वाचावी म्हणून मी तिला मरू देत होतो!

वरच्या रांगेतले म्हातारे, टोप्या घातलेले, पदकं लावलेले, त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या चौकटी त्यानेच केल्या होत्या आणि एकही वाकडी नव्हती.

"काढ," नॅन म्हणाली. "नाही, तू नाही. ती काढेल. तिचा चेहरा आहे."

शिडी हलली, करकरली. चौकट खिळ्यावरून उचलली गेली आणि हवेतून खाली आली. जवळच्यांनी पाहिलं, काचेला आतल्या बाजूने वाफ धरली होती. फोटो काढताना मिटलेले डोळे आता अर्धे उघडे होते.

एरुएटी त्या चौकटीसमोर गुडघ्यांवर बसला. आपण कुणापुढे बसलो आहोत हे त्याला दिसत नव्हतं. "ही तुझी," तो म्हणाला. "ठेव, फोड, काय हवं ते कर. मी विचारायला हवं होतं. तू पुस म्हणालीस, तेव्हा ऐकायला हवं होतं."

फाटकाशी एक नळ आहे, गेलेल्यांना निरोप दिल्यावर हात धुवायचा. चौकट तिथे गेली. पाणी सुरू झालं. अंगठ्याने चोळल्यासारखी काच कपाळापासून स्वच्छ होत आली, मग डोळे गेले, मग ओठ, आणि काचेपलीकडे नुसतं गवत दिसू लागलं.

नळाशी कुणीच दिसत नव्हतं.

तेव्हा हुइया नॅन सभाघराच्या ओसरीवर उभी राहिली. पाहुण्यांना आत बोलावताना बायका घालतात ती लांब साद तिने घातली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या छातीतून निघालेली ती साद नदीपर्यंत गेली. "ये! ये गं पोरी, ये! जिवंतांत ये!" आणि मागून सगळं गाव म्हणू लागलं, "ये! ये! ये!"

फाटकाशी एक फोन वाजला.

"ओळखलं!" मेरेआना ओरडली. नखशिखान्त भिजलेली, लाल नाकाची, गवतावर स्वतःची सावली पाडत उभी असलेली मेरेआना! "चेहरा ओळखला यानं! आणि बेकरीतून एक्केचाळीस निरोप आलेत, मी मेले की काय म्हणून विचारताहेत!"

गर्दीतून धावत आलेली तिची आई रडत तिच्या गळ्यात पडली. मग सगळ्यांनी हात धुतले आणि जेवले, कारण आमच्याकडे कुठलीही भानगड जेवल्याशिवाय संपली असं धरत नाहीत. वेलिंग्टनच्या कलाशाळेने पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं. या वेळी अकराही जणांनी तिला काढलं, काहींनी बरीच जाडी. मेरेआना खूश झाली.

वाचकहो, तुमच्या भिंती वेगळ्या असतील. तुमची भिंत खिशात असेल, आणि तिच्यावर तुम्ही झोपलेल्या मामांचे, आजारी शेजारणीचे आणि रडणाऱ्या लेकराचे फोटो रोज टांगत असाल. "एवढंच तर आहे!" म्हणत असाल. माणसाचा चेहरा त्याचा असतो. त्याला विचारावं. तो नको म्हणाला तर वाळायची वाट न पाहता पुसावं. आणि चूक झालीच, तर ज्या दिवशी कळली त्या दिवशी सांगावी, कारण आपण "उद्या" म्हणतो तेवढ्या वेळात कुणीतरी विरत असतं.

एरुएटी आता बटण दाबण्याआधी विचारतो. भांडीवाल्या दुकानदाराच्या मांजरालाही विचारतो. परवा तो हुइया नॅनकडे गेला, टोपी काढली आणि म्हणाला, "नॅन, तुमचा एक फोटो काढू? आत्ता नाही, पण पुढे कधीतरी भिंतीसाठी. मिरिआमाच्या शेजारचा खिळा रिकामाच आहे. तुमची परवानगी असेल तरच. नसेल तर शब्द काढणार नाही."

नॅनने नदीकडे पाहिलं. हाताने पदर सारखा करावा तशी शाल सारखी केली.

"काढ," ती म्हणाली. "फक्त एवढं कर एरू, मला दुसऱ्या भिंतीवर टांग. ती घोरते."