गाठींची बाजू

बाबांनी चार महिने मागावर बसून विणलेलं कापड विकत घेणाऱ्या लोकांनी आपल्या दिवाणखान्यात उलटं टांगलं. नक्षी भिंतीकडे आणि पाठ पाहुण्यांकडे.

इंटिरियरवालीने हौसेने फोटो पाठवला होता. बाबांनी फोन उभा धरला, आडवा धरला, चष्मा पुसला आणि मग बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आमच्या बाबांचा राग दुधासारखा आहे. भसकन वर येतो, ओटाभर पसरतो, आणि पुसायला मी आणि आई.

पुढच्या बाजूला बाबांचे बेचाळीस पक्षी. मागे काय, तर रंग बदलला की सुटणारी धाग्यांची टोकं. कापड मागावरून उतरलं की आई ती टोकं दोन-दोन घेऊन गाठी मारते आणि कातरते. या कापडाला तिला सहा आठवडे लागले. बाबा याला 'आवरणं' म्हणतात. म्हणजे बाबा विणतात आणि आई आवरते, जेवणानंतर ताटं आवरावीत तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा कापड सुलटं करायला निघाले. आईही निघाली, शिडी धरायला म्हणे, आणि मागोमाग मी. रात्रभरात तिने तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला, ते मला ठाऊक होतं. तीस वर्षांत तिचं काम पहिल्यांदाच लोकांसमोर आलं होतं आणि आता पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभं राहणार होतं. मला तिचं फार वाईट वाटत होतं, पण बाबांपुढे बोलायची माझी छाती नाही.

इंटिरियरवालीने आमचं जोरदार स्वागत केलं. त्या गाठींत तिला पोत, प्रामाणिकपणा, मातीशी नातं असं बरंच काही सापडलं होतं. पाहुणे म्हणे जाता-येता हात फिरवतात. बाबांनी दात आवळून सांगितलं की बाई, ही कापडाची पाठ आहे.

"अय्या! मग पुढे काय आहे?" तिने विचारलं.

बाबा शिडी चढले. आईने शिडी धरली. बाबांनी वरच्या कडीला हात घातला आणि ते तिथेच थांबले. आवरलेल्या कापडाची पाठ त्यांनी आजवर कधी निवांत बघितलीच नव्हती. मोहरीएवढ्या गाठी, हजारो, ओळीने. ते बोट फिरवत राहिले.

"राहू द्या ना असंच," आई खालून म्हणाली.

कामाच्या बाबतीत तिने बाबांकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. पण खोट काढल्याशिवाय हार मानणं त्यांच्या रक्तातच नाही. त्यांचं बोट एका जागी अडलं.

"ही बघ. ही सैल आहे."

आईने नुसती मान वर केली. "ती तुमची. मी तापाने पडले होते तेव्हा आवरायला बसलात. एक मारलीत आणि पाठ दुखते म्हणून उठलात."

इंटिरियरवाली हसली. बाबांनी ती गाठ ओढून घट्ट करायला घेतली, तर ती सुटलीच. टोकं हातात धरून ते शिडीवर तसेच उभे राहिले.

"उतरा," आई म्हणाली.

बाबा उतरले. आईने पदर खोचला आणि वर चढली. शिडी बाबांनी धरली, दोन्ही हातांनी.