पुलाची तारीख

वकीलसाहेब महापौर झाले, पण शहर त्यांना वकीलसाहेबच म्हणत राहिलं. उभा जन्म कोर्टात गेलेला माणूस, खुर्ची मिळाली म्हणून बदलतो थोडाच! दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की घरात पंखा लावायचा का, यावरही ते दोघांचं म्हणणं ऐकून घेत. बायको वैतागायची. "अहो, तोवर घामाने माझं पाणी पाणी झालं!"

मंगळवारी पालिकेचा अभियंता धापा टाकत आला. नाल्यावरच्या पुलाच्या मधल्या खांबाला तडा गेला होता. "साहेब, आजच बंद करा. मला काही भरवसा वाटत नाही."

त्याच्या पाठोपाठ पुलाजवळचे दुकानदार आले. पूल बंद म्हणजे त्यांच्या धंद्याचे बारा वाजणार. त्यांचा वकील साहेबांच्याच हाताखाली तयार झालेला. तो गोड हसून म्हणाला, "सर, आमचं न ऐकता बंद केलात तर कोर्टात जावं लागेल. हा मुद्दा तुम्हीच शिकवलाय."

झालं! साहेबांनी सुनावणीसाठी शुक्रवारची तारीख दिली.

"आणि तोवर पूल?" अभियंत्याने विचारलं.

"तोवर आहे तसा चालू."

अभियंत्याचा चेहरा पडला. साहेबांनाही रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी बायको शाळेत निघाली. पुलापलीकडच्या शाळेत ती शिक्षिका होती. ती चपला घालत असताना साहेब हळूच म्हणाले, "आज पुलावरून नको. वळसा घालून जा."

ती थबकली. "म्हणजे तुमचा निकाल झालाय तर."

"निकाल कसला? आपली खबरदारी."

"आणि माझी शाळेतली पोरं?"

साहेबांनी पेपरात डोकं घातलं.

शाळा सुटायच्या जरा आधी त्यांचा फोन वाजला. साहेब सभेत होते.

"मी पुलावर उभी आहे. मधोमध. शुक्रवारपर्यंत हलत नाही."

"वेड लागलंय का तुला? उतर आधी!"

"का बरं? पूल तर चालू आहे ना?"

सभा तशीच टाकून साहेब जिन्यावरून धावत सुटले. "बंद करा तो पूल! आत्ताच्या आत्ता!" ना नोटीस, ना सुनावणी.

ते पोचले तेव्हा अभियंता पुलाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधत होता. दुकानदारांनी शिव्यांची लाखोली वाहिली. जुना शिष्य जवळ येऊन म्हणाला, "सर, हा आदेश कोर्टात टिकायचा नाही."

"ठाऊक आहे मला. जा, कर दावा."

बायको सगळ्यांत शेवटी उतरली. साहेबांनी तिचा हात घट्ट धरला. "जीव घेतेस का माझा? केवढा घाबरलो मी!"

तिने हात सोडवून घेतला. शाळा सुटली होती. पोरं दोरापाशी येऊन आ वासून बघत होती.

"सकाळी ही सगळी याच पुलावरून आली," ती म्हणाली. "तेव्हा नाही का घाबरलात?"

ती पोरांना घेऊन लांबच्या रस्त्याने चालू लागली, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.