धुतलेला कोळसा

बाबांची खाट गॅरेजच्या वरच्या खोलीत होती. गाड्यांच्या धुराने त्यांना ढास लागायची, म्हणून खिडकी कायम बंद. जन्मभर मोटरसायकली दुरुस्त केलेल्या माणसाला आता त्यांचा नुसता आवाज यायचा.

सुनेने भुईमुगाची टरफलं भाजून कोळसा केला, जाळीच्या डब्यात भरला आणि धूर गाळायला तो डबा नवऱ्याच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरच्या तोंडाला बसवला. नवऱ्याने मागे पांढरा रुमाल धरला, तिने किक मारली. भसकन काळी भुकटी उडाली आणि रुमालासकट त्याचं तोंड रंगलं.

"अगं, कोळसा उगाळावा तितका काळाच!"

"उगाळलाय कुणी? धुवायचा राहिला, अहो!"

पाणी नितळ होईपर्यंत तिने कोळसा धुतला, उन्हात वाळवला, पुन्हा भरला. या वेळी रुमालावर पहाटेच्या ढगासारखा फिकट डाग उमटला. गाडी चालूच ठेवून ती रुमाल घेऊन वर धावली.

बाबांनी रुमाल हुंगला. मग उठून खिडकीची कडी काढली. वारा आत आला, पडदा हलला. ढास काही लागली नाही. ते खिडकीतून खाली मुलाकडे वाकले.

"अरे, इंजिनाचे टॅपेट वाजतायत तुझ्या! इतके दिवस ऐकतोय, पण सांगणार कुठून?"