नाय म्हाराजा

हितेंद्र सावंतच्या प्रचाराचा नारळ आपल्याच चाळीत फुटणार, ही बातमी कालिंदी परबला रविवारी सकाळी पाणी भरताना कळली आणि तिचं डोकं जे फिरलं ते दिवसभर ठिकाणावर आलं नाही.

कालिंदी विमा कंपनीत नोकरीला होती. लालबागच्या याच चाळीत वाढली, याच चाळीत केस पिकले. मोर्चा म्हणू नका, सह्यांची मोहीम म्हणू नका, तिने काही सोडलं नव्हतं. त्यामुळे चाळ तिला पाठीमागे ‘चळवळ’ म्हणायची आणि अडचण आली की तिलाच पुढे करायची. मत ती आयुष्यभर एकाच पुरोगामी पक्षाला देत आली होती. गेल्या पालिका निवडणुकीत पक्षाने हितेंद्रला उभं केलं, तेव्हा त्याच्यासाठी जिने चढून तिने गुडघे झिजवले. तो निवडून आला. गल्लीतली मराठी शाळा बंद पडू देणार नाही, असं छाती ठोकून म्हणाला. मग पलीकडच्या पक्षात उडी मारली आणि शाळेला कुलूप लावायच्या ठरावाला हात वर करून मोकळा झाला. त्या शाळेत कालिंदी शिकली होती, आणि हा बाबाही तिथेच शिकला होता. आता वारं फिरल्यावर स्वारी परत आली होती, आणि पक्षाने त्याला हार घालून घरातही घेतलं होतं. गेटवरच्या फ्लेक्सवर फोटो तोच, जोडलेले हात तेच, फक्त गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदललेला.

“ताई, मोठा शत्रू थोपवायचा तर बारक्या गोष्टी पोटात घालाव्या लागतात,” पक्षाची कार्यकर्ती मेघना फोनवर म्हणाली.

“दर निवडणुकीला पोटातच घालतेय गं,” कालिंदी म्हणाली. “आता जागा नाही राहिली.”

हेही तिने एक वेळ सोसलं असतं. पण संध्याकाळी अंगणातल्या देवळासमोर तिचे सख्खे चुलते अण्णा गाऱ्हाणं घालणार होते, आणि त्यात चाळीची मतं हितेंद्रच्या पदरात टाकणार होते. चाळ सगळी तळकोकणातली. गाऱ्हाण्यात म्हणणारा देवाला एकेक गोष्ट सांगतो, आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ती अंगावर घेतात. कागदावर सही करून फिरणारे चाळीत पुष्कळ होते, पण देवासमोर व्हय म्हणून फिरलेला कोणी नव्हता. एकदा अंगणात व्हय झालं की मतदानाच्या दिवशी बटणाकडे बघायचीसुद्धा कोणाला गरज उरणार नव्हती. सगळ्या चाळीचं मत त्या संध्याकाळीच परस्पर कोणाच्या तरी खिशात जाणार होतं, आणि त्यात कालिंदीचंही.

अण्णा शेजारच्याच खोलीत राहायचे. दुपारी ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“अण्णा, मतदान गुप्त असता.”

“देवापासून कसला गुप्त?” अण्णा सुपारी कातरत म्हणाले. “चाळीच्या मंडळाक मी शब्द दिलंय.”

“तुमचो शब्द तुमच्या मताचो. माझ्या मताचो शब्द देऊक तुमका कोणी सांगला?”

“तू देवाक मानतंस खय? मग तुका त्रास कसलो?”

ती चडफडत परत आली. अण्णांचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. ती देव मानत नव्हती. पण शेजारणी मानत होत्या, आणि त्यांच्या श्रद्धेवर हा माणूस फुकटात मतं उचलून नेणार होता, याचा तिला भयंकर संताप आला होता.

संध्याकाळी अंगण भरलं. ढोल वाजले, हितेंद्र आला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला, नारळ फुटला. मोबाइल वर धरून त्याच्याबरोबरची पोरं शूटिंग करत होती. मेघना पक्षाचं उपरणं घालून पहिल्या रांगेत उभी होती. अण्णांनी टोपी सारखी केली, हात जोडले, आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या राजा, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत. तेंचा बरा कर.”

“व्हय म्हाराजा,” अंगण म्हणालं.

“पोराबाळांका नोकरी-धंद्यात यश दी.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्यो हितेंद्र तुझ्या दारात इलो आसा. ह्या चाळीतला दर एक मत तेच्या पदरात पडांदे.”

“नाय म्हाराजा.”

कालिंदीचा आवाज मुळात खणखणीत, त्यात अंगण चारी बाजूंनी बंद. गाऱ्हाण्याला नाय म्हटलेलं त्या चाळीने कधी ऐकलं नव्हतं. सगळ्या माना वळल्या. शूटिंग करणाऱ्या पोरांचे हात खाली आले.

“मधी कोण बोलला?” अण्णांनी विचारलं, जसं काही त्यांना कळलंच नव्हतं.

“मी बोललंय. माझा मत ह्या गाऱ्हाण्यात नाय.”

पुतणी हट्टी आहे हे अण्णांना ठाऊक होतं, आणि रिवाजही ठाऊक होता.

“मोडलंस तर आता तूच पुरा कर,” ते बाजूला सरत म्हणाले. “अर्धवट गाऱ्हाणा देवाच्या दारात ठेवचा नसता.”

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचंही चाळीत कोणाच्या आठवणीत नव्हतं. तरी कालिंदी पुढे झाली. शब्द तिला शोधावे लागले नाहीत, लहानपणापासून कानावर पडत आलेले होते.

“बा देवा म्हाराजा, ह्यो हितेंद्र निवडून इलो, तर आधी शाळेचा कुलूप काढतलो.”

“व्हय म्हाराजा.” हितेंद्रचाच आवाज सर्वांत मोठा. मोबाइल पुन्हा वर गेले होते.

“दारात इल्या माणसाक तोंड दाखयतलो.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि पाच वर्षा ह्यो पक्ष सोडून खयच जावचो नाय.”

“व्हय म्हाराजा,” हितेंद्र म्हणाला. डोळे मिटलेले, हात जोडलेले, शब्द लयीत आपसूक तोंडातून सुटला. तो सुटल्यावर त्याने डोळे उघडले.

“गेलो, तर आधी राजीनामो देतलो, आणि मगच वाट धरतलो.”

आता ‘व्हय म्हाराजा’ एकटी चाळ म्हणाली, पण काय दणक्यात म्हणाली. अण्णासुद्धा म्हणाले.

“आणि माझा मत माझ्या हातात, शेजारणीचा शेजारणीच्या हातात. तेचो शब्द दुसऱ्या कोणी दिवचो नाय.”

“व्हय म्हाराजा,” या खेपेला बायकांनी आवाज चढवला, आणि गाऱ्हाणं पुरं झालं.

मेघनाने तिला जिन्यात गाठलं. बिचारीचा चेहरा उतरला होता. “ताई, आपण पुरोगामी ना? देवाला साक्षी ठेवून राजकारण करायचं?”

“नारळ मी आणला नव्हता, मेघना,” कालिंदी म्हणाली. “कोणी आणला ते पक्षाला विचार. आणि विचारशील तेव्हा उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नकोस.”

सकाळी कालिंदी ऑफिसला निघायच्या बेतात होती, तेवढ्यात हितेंद्र दारात आला. एकटाच होता. रात्री झोप लागलेली दिसत नव्हती.

“कालिंदीताई, बाकी सगळं ठीक आहे. शाळेचं बघू, करू. पण ते पक्षाचं तेवढं मागे घ्या ना.”

“का रे?”

“राजकारणात उद्याचं कोणी सांगावं? वरच्या लेव्हलला बोलणी चालूच असतात.”

“म्हणजे निकाल लागला की निघायचं ठरलंय तर.”

त्याने आवाज खाली आणला. “अण्णांकडे गेलो होतो. ते म्हणतात, जेणी घातला तेणीच मागे घेवक व्हया. तुम्ही तर देव मानतच नाही, ताई. तुम्हाला काय फरक पडतो?”

“मी नाही मानत. तू मानतोस. म्हणून तर इतक्या सकाळी आलास.” तिने पर्स खांद्याला लावली आणि दार सताड उघडलं. गॅलरीत ब्रश तोंडात धरून, बादल्या हातात घेऊन निम्मी चाळ उभी होती. त्यात अण्णाही होते. “काय मागे घेऊचा आसा ता जरा मोठ्यान सांग, हितेंद्रा. सगळ्यांनी व्हय म्हटलाहा, सगळ्यांका ऐकांदे.”